फळ्यांखालचा फोम

हातात कला असली की ती नको तिथे दाखवायची खाज सुटते. सुताराचं तेच झालं.

दुकानांच्या मांडण्या करणं हा त्याचा धंदा, आणि गिऱ्हाइकाला घेण्याआधी वस्तू वापरून बघता यावी अशी मांडणी करण्यात त्याचा हातखंडा. नळांच्या दुकानात त्याने खरं पाणी खेळवलं. दिव्यांच्या दुकानात काळोखी खोली बांधली. आत जा, दिवा लावा, बघा. मग बूटवाला म्हणाला, "अशी वाट करून द्या, की चाललेलं गिऱ्हाईक बूट काढणारच नाही."

सुताराने आठ पावलांची लाकडी वाट केली आणि फळ्यांखाली बोटभर फोम दडवला. त्यावर दगडासारखा बूटही लोण्यासारखा लागे. बूटवाल्याने पाठ थोपटली, हा फुगला.

त्याची मोठी बहीण शाळेच्या स्वयंपाकघरात दिवसभर उभी असायची. "ताई, चालून बघितल्याशिवाय बूट घेऊ नकोस," हे त्याचं नेहमीचं पालुपद. तिने ऐकलं. त्याच वाटेवर चालली आणि बूट घेऊन आली.

महिन्याभरात ती टाचा गरम पाण्यात बुडवून बसू लागली.

"बूट चांगलेत रे. दुकानात किती छान वाटत होते! माझे पायच म्हातारे झाले. नोकरी सोडते आता."

सुताराला फळ्यांखालचा फोम आठवला. पण बोलेल तर शपथ! मलम आणून दिलं. मग दुसरं मलम. मलमाने पाप धुतलं जात असतं तर काय हवं होतं?

एका रविवारी तिने राजीनाम्याची चिठ्ठी पिशवीत घातली, तेव्हा कुठे त्याचं तोंड उघडलं. "ताई, त्या वाटेखाली फोम आहे. मीच घातलाय."

"म्हणजे माझे पाय धड आहेत?"

"हो."

"आणि तू मला मलमं आणून देत होतास?"

चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने चिठ्ठी फाडली आणि बूट त्याच्या पुढ्यात ठेवले. "मला काय सांगतोस? तिथे चालतात त्यांना सांग."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच त्याने फळ्या उचकटल्या.

"अहो, डोकं फिरलं का तुमचं?" बूटवाला ओरडला. "पुन्हा पायरी चढू नका!"

फोम काढून सुताराने फळ्या थेट फरशीवर बसवल्या. तेवढ्यात आलेली एक बाई त्यावरून चालली, "टोचतोय हो" म्हणाली आणि बूट काढून निघून गेली.

आता हलकं वाटेल, असं त्याला वाटलं होतं. नाही वाटलं. याआधी चालून गेलेल्या कितीजणी घरी आपल्याच पायांना बोल लावत बसल्या असतील, त्यांना कुठे शोधायचं?