घाटातल्या जीपसाठी सीबी

ह्यांची साखर खाली गेली की घाम फुटायच्या आधी आवाज बदलतो. शब्द तेच असतात, पण दोन शब्दांत अंतर पडतं, आणि कुठल्याही प्रश्नाला नुसतं "हां" येतं. डॉक्टर बोट टोचून आकडा काढतात. मी "जेवलात का?" विचारायचे आणि मला कळायचं. अडचण एवढीच होती की ह्यांचा दिवस घाटात जायचा आणि माझा घाटाच्या पायथ्याशी.

डिंभ्याच्या पुढे, रस्ता चढायला लागतो तिथे आमचं चहाचं हॉटेल. जीपही आमची. घोडेगावात सीटा भरायच्या, भीमाशंकरला न्यायच्या, दर्शन झालं की परत आणायच्या. ह्यांना इन्सुलिन सुरू झालं तेव्हा मी म्हटलं, जीप विकून टाकू.

"मग मी काय करू? भजी तळू?"

"तळा की."

विषय तिथेच संपला. ह्यांनी भजी तळली नाहीत आणि जीपही विकली नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात घाटातल्या एका वळणावर आमची जीप रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. इंजिन चालू, हे स्टिअरिंग धरून बसलेले. मागच्या सीटा देवाची गाणी म्हणत होत्या. त्यांना वाटलं समोरून गाडी येतेय म्हणून थांबलोय. समोरून आलेल्या एसटीचा ड्रायव्हर ओळखीचा होता. तो उतरून "काय राव, झोपला का?" म्हणाला, तर ह्यांनी त्याला ओळखलंच नाही. त्याला घरातल्या कुणामुळे हा आजार माहीत होता. त्याने एका बाईकडून प्रसादाचे पेढे मागून घेतले आणि ह्यांना चारले. एसटी खाली आली तेव्हा त्याने मला हे सांगितलं आणि पुढे म्हणाला, "ताई, ही वळणं लई वंगाळ. बगा काय ते."

तेव्हापासून उतरणाऱ्या प्रत्येक गाडीच्या ड्रायव्हरचं तोंड बघायची मला सवय लागली. तोंड नेहमीसारखं असलं तर वर काही झालेलं नाही. शेगडीवरचा चहा उतू जायचा, गिऱ्हाईक ओरडायचं. मोबाइल तोवर घोडेगावात आले होते, आमच्याकडेही एक होता, पण डिंभ्याच्या धरणापुढे तो घड्याळ बघण्याच्याच कामाचा.

सीबीचं, म्हणजे गाडीत बसवायच्या वायरलेसचं, नाव मला गिऱ्हाइकांकडून कळलं. मुंबईकडच्या हौशी लोकांच्या चार-पाच जीप हॉटेलवर थांबल्या. प्रत्येकीच्या पुढे अँटेनाची माणसाहून उंच लवचीक काडी. मागे राहिलेल्या गाडीला हे लोक चहा पिता पिता विचारत होते, कुठवर आलात, आणि ती गाडी घाटातून उत्तर देत होती. मी किटली खाली ठेवली आणि त्यांच्यातल्या एका बाईला सगळं विचारून घेतलं. परवाना लागतो का? कमी ताकदीच्या संचाला आता लागत नाही. महिन्याचं बिल? नाही. आमच्या घाटात चालेल? ती म्हणाली, डोंगर मध्ये आला की अडतं, पण इथून घाटमाथा समोर दिसतोय, म्हणजे चालायला हवं.

मी राजुरीची. माहेरी विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर मी बापाच्या आधी उघडायचे. त्यामुळे यंत्राची भीती नव्हती. भीती वेगळीच होती. चुकीची वस्तू घेतली तर ती फळीवर पडून राहील, आणि हे म्हणतील, झालं का समाधान, आणि मला दुसऱ्यांदा विषय काढता येणार नाही.

पुण्यात बुधवार पेठेत फिरून फिरून एक दुकान सापडलं. दुकानदाराने आधी हातात धरायची जोडी काढली. सुबक, खिशात मावणारी.

"वहिनी, हेच न्या. सगळे हेच नेतात."

"किती लांब जातं?"

"मोकळ्या मैदानात भरपूर."

"मैदान कुठंय आमच्याकडं?"

त्याने ती आत ठेवली आणि मोठा संच काढला. बटणंच बटणं, रंगीत दिवे, आकडे पळणारे. ह्याच्यावर किती चॅनल लागतात ते तो सांगत सुटला.

"एवढी चॅनलं काय करायची? मला एका माणसाशी बोलायचंय."

"मिस्टरांशी?"

"हो."

"मग एकाच चॅनलवर बसवून टाकतो. त्यांना दुसरीकडे जायलाच नको." तो स्वतःच हसला. मी हसले नाही, कारण त्या वेळी हे जीप घेऊन घाटात होते आणि मी तिथे नव्हते.

मग तो मुद्द्यावर आला. जीपचा टप पत्र्याचा की कापडी? कापडी. तर काडी पुढच्या बंपरला लावा, तिला खाली लोखंड लागतं. हॉटेलच्या छपरावर पाइप आहे का? संच साधा चालेल, पण अँटेना आखूड घेऊ नका. अँटेना जोडल्याशिवाय बोलायचं बटण दाबायचं नाही, संच जळतो. काडीला काही टेकलं नाही पाहिजे, झाडाची फांदीसुद्धा. हे शेवटचं त्याने दोनदा सांगितलं.

मी जुने, साधे, एकसारखे दोन संच घेतले. एकावर ओरखडे होते. ते मला बरं वाटलं, वापरलेला म्हणजे चाललेला. परतीच्या एसटीत पिशवी मांडीवर धरून बसले. आपण चुकीचं घेतलं हा विचार मंचरपर्यंत सुटला नाही. चाललंच नाही तर? चाललं आणि ह्यांनी वापरलंच नाही तर?

घोडेगावच्या वायरमनने दोन्हीकडे बसवून दिले. ह्यांनी माइक हातात घेऊन उलटासुलटा बघितला.

"पोलीस झालो की मी."

"दोनदा बोलायचं. पहिल्या वळणावर एकदा आणि माथ्यावर पोचल्यावर एकदा. पुढं पठारावरून आवाज पोचत नाही."

"बोलायचं काय?"

"मी विचारीन ते."

"आन् सीटांसमोर शुगरबिगर काढू नको. माणसं उतरून जात्याल."

ते मला मान्य होतं. फक्त एक नियम मी घातला. माथ्यावर आधी माझ्याशी बोलायचं, मग डबा उघडायचा. खाल्ल्यावर कुणाचाही आवाज ठीकच असतो. मला न खाल्लेला आवाज हवा होता, म्हणजे खालून कळलं असतं की किती खाली गेलीय.

आषाढात हे व्यवस्थित चाललं. पहिल्या वळणावरून "चाललोय", माथ्यावरून "पोचलोय". मी विचारायचे, जीपमध्ये सीटा किती, पाऊस कसाय, समोर कोण आलं. शब्दांत अंतर पडत नव्हतं. माझी जाऊ मदतीला हॉटेलवर असायची. ती त्या संचाला पदरानेसुद्धा शिवायची नाही. "ह्यात भाऊजी बोलत्यात, मधीच जळलं तर?" मी म्हटलं, भाऊजी जळत नाहीत. तरी मी तिला माइकचं बटण दाबायला शिकवून ठेवलं.

श्रावणातला पहिला सोमवार. हॉटेलवर पाय ठेवायला जागा नव्हती, आणि धुकं इतकं की घाटमाथा समोर असून नव्हता. आमची जीप न थांबता पुढे गेली, नुसता हॉर्न ऐकू आला. पहिल्या वळणावरून आवाज आला, "चाललोय", पण चरचर होती. मला वाटलं पावसाची असेल.

माथ्यावरून काहीच आलं नाही.

भज्यांचा घाणा काढेपर्यंत वाट बघितली. मग बटण दाबून बोलावलं. नुसती खरखर. पुन्हा बोलावलं. वरून एक टेम्पो उतरला, त्याच्या ड्रायव्हरचं तोंड नेहमीसारखं होतं. मी त्याला आडवी झाले.

"आमची जीप दिसली का?"

"वहिनी, माझंच बॉनेट दिसत न्हाई."

गर्दीमुळे उशीर असेल. रस्त्यात थांबले असतील. उशीर म्हणजे जेवणाची वेळ टळली, आणि सकाळचं इन्सुलिन पोटात काम करत बसलेलं. जाऊ म्हणाली, "आगं, येत्याल." मी तिला माइकशेजारी बसवलं, साखरेची पुडी बांधली, पाण्याची बाटली घेतली आणि घोडेगावची दुसरी एक जीप वर चालली होती तिच्या मागच्या पायरीवर उभी राहिले. तिचा ड्रायव्हर म्हणाला, "पंधरा झाली आधीच, वहिनी." मी म्हटलं, सोळा करा.

प्रत्येक वळणावर मी दरीकडच्या बाजूला बघत होते. दरी दिसत नव्हती, धुकंच होतं. त्या दिवशी घाट किती लांब होता ते मला सांगता येणार नाही.

माथ्यावर आमची जीप कडेला उभी होती. हे ड्रायव्हरच्या जागेवर, माइक तोंडाला लावून. "हॅलो. हॅलो." मध्ये बरंच अंतर, मग पुन्हा, "हॅलो." डबा मांडीवर, झाकण लावलेला. सदरा घामाने ओला. मी खिडकीशी उभी राहिले तरी हे माइकमध्येच मला बोलवत होते.

"जेवलात का?"

"हां," हे म्हणाले.

साखरेचं पाणी पाजलं, नंतर भाकरीचे तुकडे हातात दिले. मागच्या सीटा मान लांब करून बघत होत्या. थोड्या वेळाने ह्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि पहिलं वाक्य बोलले, "तू बोलली न्हाईस. तू म्हणली व्हतीस, आधी बोलायचं."

नियम माझा होता आणि ह्यांनी तो पाळला होता. मी पुढे गेले आणि काडी बघितली.

तिला तळापासून शेंड्यापर्यंत जरीची माळ गुंडाळलेली होती. चंदेरी, भरगच्च, पावसात चिंब, आणि तिचं खालचं टोक बंपरला आवळून बांधलेलं. श्रावणात देवाला निघालेल्या गाडीला माळ बांधतातच, आणि बांधायला एवढी उंच सरळ काडी दुसऱ्या कुठल्या गाडीला नव्हती. घोडेगावात सीटांपैकी एका म्हातारीने बांधली होती. देवाच्या नावाने बांधलेलं आपल्या हाताने सोडायचं नाही, ते उन्हापावसाने आपोआप जायचं. ह्यांनी बघितलं होतं आणि सोडलं नव्हतं. जवळ होते तोवर आवाज पोचला, वर आल्यावर सगळं त्या ओल्या जरीतून लोखंडात उतरलं.

मी गाठ सोडायला लागले तशी म्हातारी जीपमधून ओरडली, "देवाची हाय ती. काढू नगं, बाय."

"काढत नाय आज्जी. जागा बदलतेय. देवाला आरसा चालतो."

"चालतोय का?"

"भीमाशंकरला कशाचं वावडं नाही."

माळ आरशाला बांधून झाली तेव्हा मी माइक घेतला. बटण दाबून जावेला हाक मारली. खरखर, मग भांड्यांचा आवाज, मग लांबून, घाबरलेली, "कोन बोलतंय?"

"मी."

"तू कुटं गेलीस त्याच्यात?"

ह्यांना हसू आलं, आणि ते ऐकून मी माइक जागेवर अडकवला.

परत खाली निघायच्या आधी मी नियम बदलला. आधी डबा, मग बोलणं. ह्यात माझं नुकसान होतं, खाल्लेल्या आवाजावरून साखर किती ते कळत नाही. फक्त खाल्लंय एवढं कळतं, आणि तेही ह्यांच्या सांगण्यावरून. तसं मी बोलून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी माथ्यावरून आवाज आला तो नुसता चावण्याचा. मग घास तोंडात घोळवत हे म्हणाले, "ऐकू येतंय का? भाकरी हाय. कांदा बी हाय." मागे सीटा हसत होत्या. मी म्हटलं, "पूर्ण खा, मग बोला," आणि बटणावरून बोट न काढता तशीच उभी राहिले. मग लक्षात आलं, बोट काढल्याशिवाय पलीकडचं ऐकू येत नाही. बोट काढलं. हे अजून चावत होते.