घाईतला भैरव

हिंगोलीत माझं चष्म्याचं दुकान आहे आणि दुकानाच्या वरच आम्ही राहतो, मी आणि माझी बायको. आमच्या पुढच्या खोलीत एका भिंतीशी तिची पेटी असायची आणि समोरच्या भिंतीशी माझ्या गाण्याच्या तबकड्या. येणाऱ्याजाणाऱ्याला पेटीचं काही वाटायचं नाही. ती गाणं शिकवते हे गल्लीला माहीत होतं. तबकड्यांचं मात्र प्रत्येकाला समजावून सांगावं लागे. कुरिअरवाला तर प्रत्येक वेळी खोकं उलटंपालटं करून विचारायचा, "इतक्या चपट्या खोक्यात काय येतंय हो सर तुमचं? काचा का?"

हे वेड मला हैदराबादला लागलं. चष्म्याचा कोर्स करायला मी तिथं होतो तेव्हा खोलीतल्या सोबत्याकडं एक कॅसेट होती. साठच्या दशकात कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनाऱ्यावर फळ्या घेऊन लाटांवर स्वार होणाऱ्या पोरांनी वाजवलेलं हे संगीत, सर्फ रॉक. त्यात बहुतेक गाणारं कुणी नसतं. गिटार असते, मागं ढोल असतात आणि गिटारीचा आवाज असा की पाण्यात बुडवून काढलाय आणि अजून ठिबकतोय. मी समुद्र पाहिलेला नव्हता. त्या आवाजानं मला जो समुद्र दाखवला तोच कितीतरी वर्षं माझा समुद्र होता. पुढं दुकान टाकलं, जरा बस्तान बसलं, तेव्हा कळलं की त्या जुन्या तबकड्या आता नव्यानं काढतायत. मूळ ध्वनिफितीवरून, जाड तबकडीवर, तेच जुनं वेष्टन छापून. मी एक प्लेअर घेतला आणि एकेक मागवायला लागलो.

लग्न ठरवून झालेलं. ती जवळच्याच डोंगरकडा गावची. वडील तिथल्या देवळात पूजेला होते आणि भजनी मंडळात पेटी वाजवायचे, तिचं गाणं तिथून आलेलं. लग्नानंतर माझ्या तबकड्यांबद्दल ती काही बोलली नाही. बोलली नाही म्हणजे आवडलं नाही, इतकं मला कळत होतं. ती रियाजाला बसली की मी खाली दुकानात जायचो. मी तबकडी लावली की ती स्वयंपाकघरात जायची. भांडण नव्हतं, पण दोघांचं मिळून असं घरात काही नव्हतं.

एका रविवारी सकाळी मी नवीन आलेली एक तबकडी लावली होती. ती आत कणीक मळत होती. अचानक तसेच कणकेचे हात घेऊन ती बाहेर आली.

"थांबा. ते आत्ताचं परत लावा."

मी सुई उचलून मागं ठेवली. ती दारात उभी राहून ऐकत होती, मान खाली घालून, परीक्षेतल्या मुलीचं गाणं ऐकायची तशी. मग म्हणाली, "अहो, हा तर भैरव हाय!"

"कुठला भैरव? अमेरिकेतली पोरं हायत ती."

"असू देत की. रे कोमल, ग शुद्ध, ध कोमल, नी शुद्ध. हे बघा." तिनं हात पुसले, पेटी उघडली आणि गिटारीच्या मागोमाग बोटं टाकायला लागली. सूर बरोबर बसत होते. वेग मात्र तिला काही केल्या गाठता येईना. शेवटी ती हसत हसत मागं टेकली. "काय घाई करून राहिलेत ही पोरं! सकाळचा राग हाय, जरा 'रे'वर थांबावं, जरा देवाचं नाव घ्यावं. काहून इतकी घाई?"

"लाट निघून जाती ना," मी म्हणालो.

त्या दिवशी ती कणीक वाळून गेली. लग्नाला दोनेक वर्षं झाली असतील, पण माझ्या मनात आमचा संसार त्या रविवारपासूनचा आहे.

त्यानंतर निवड तिची असायची. मी फोनवर थोडं थोडं ऐकवायचो, ती डोळे मिटून सांगायची, ही मागवा, ही नको, ह्याच्यात नुसती आदळआपट हाय. इंग्रजी नावं तिच्या तोंडात बसत नव्हती, म्हणून तिनं वेष्टनावरच्या चित्रांवरून नावं पाडली. लाल गाडीवाली. हिरव्या लाटेची. चौघं भाऊ, म्हणजे एकसारखे कोट घातलेले चार वादक. मोंढ्याच्या बाजारात हळदीचा हंगाम सुरू झाला की पिवळी धूळ आमच्या खिडक्यांतून आत येते. ती तबकड्या जुन्या मलमलच्या फडक्यानं पुसायची, आतून बाहेर नाही, गोल गोल, रेषांच्या वाटेनं. मधेच वीज गेली की तबकडी मंदावत जायची, गिटार रडवेली होऊन घसरत घसरत थांबायची आणि राहिलेला तुकडा ती अंधारात गुणगुणून पुरा करायची.

आम्ही एकदा कोकणात जाऊन समुद्रही पाहून आलो. तिनं पाण्यात पाय बुडवले, बराच वेळ कान देऊन ऐकलं आणि मला म्हणाली, "इथं तर नुसता ढोल वाजून राहिला. गिटार त्यायनी मनानंच घातलीय." मला तिच्याबद्दल इतका अभिमान क्वचित वाटला असेल.

लेकरू आम्हाला झालं नाही. शिकायला येणाऱ्या पोरी असायच्या, संध्याकाळी घर भरून जायचं.

अशाच एका संध्याकाळी त्यातली एक पोरगी धावत दुकानात आली. "सर, वर चला. बाई पडल्या." मी वर गेलो तर ती पेटीशेजारी कलंडलेली, तोंड एका बाजूला ओढलेलं. मला बघून म्हणाली, "हात येईना माझा." शेजाऱ्यांच्या गाडीतून तिला नांदेडला नेलं. मेंदूत उजव्या बाजूला रक्ताची गाठ अडकली होती. डावा हात आणि डावा पाय गेला होता. बोलणं जड झालं होतं, पण शब्द सगळे शाबूत होते. डॉक्टर म्हणाले, नशीब समजा.

आम्हीही तेच समजत होतो. आमची सगळी काळजी त्या डाव्या हातात होती, कारण पेटीचा भाता डाव्या हातानं चालतो. रोज सकाळी मी तिच्या हाताला तेल लावायचो, बोटं एकेक उघडायचो. ती स्पंजचा चेंडू दाबत बसायची. पाय आधी आला, मग खांदा, मग कोपर. दवाखान्यात आणि नंतर घरीही आम्ही गाणं लावलं नाही. तिला आवाज सोसत नव्हता, डोकं दुखायचं. अशक्तपणा असेल, आम्हाला वाटलं.

ज्या दिवशी बोटं वळायला लागली त्या दिवशी तिनंच सांगितलं, "पेटी आणा." मी ती पुढ्यात ठेवली. तिनं भाता मारला. भाता अर्धाच उघडला, पण हवा भरली. तिनं सा धरला, मग प, मग वरचा सा. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"पेटी बिघडली का?"

"न्हाई. बराबर वाजून राहिली."

"बराबर? अहो, पत्र्यावर पत्रा घासल्यासारखं येतंय."

तिनं पुन्हा वाजवून पाहिलं. मग हात काढून घेतला. मी घाईघाईनं उठलो आणि आमची ती भैरवाची तबकडी लावली. दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही. गिटार सुरू झाली. ती माझ्याकडं बघत राहिली आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू भीती यायला लागली.

"हे काय लावलंय?"

"आपला भैरव."

"डबे आपटून राहिलं कुणीतरी. बंद करा. बंद करा ते!"

डॉक्टरांनी समजावलं. कान चांगले आहेत, बोललेलं कळतं, दाराची कडी, पाण्याचा नळ, सगळं ओळखू येतं. सुरांना सूर म्हणून ओळखणारी मेंदूतली जागा मात्र दुखावली आहे. काहींचं परत येतं, काहींचं नाही. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मग मला ते आठवतं काहून? डोक्यात आठवतं, अन् कानात येत न्हाई?"

मी आशा सोडली नाही. मला वाटायचं, ओळखीचं दुखत असेल, नवीन काहीतरी आत शिरेल. मी तबकड्या मागवत राहिलो. संथ वाजवणारे, वेगात वाजवणारे, फक्त ढोल जास्त असलेले. कुरिअरवाला म्हणाला, "सर, धंदा जोरात दिसतोय." प्रत्येक तबकडी आली की ती पदर सारखा करून समोर बसायची, शेवटपर्यंत बसायची आणि मान हलवायची. नाही. मी म्हणायचो, बरं, पुढची बघू.

एक जाडजूड तबकडी आली, निळी, आरपार दिसणारी. मी लावली आणि तिच्या शेजारी बसलो. या वेळी तिचा चेहरा मोकळा होता. थोड्या वेळानं ती मान डोलवायला लागली. मी आणखी जवळ सरकलो.

"हा चांगला हाय," ती म्हणाली. "गोड हाय. भैरवच ना?"

मी काही बोलणार तेवढ्यात माझं लक्ष आवाजाकडं गेलं. गिटार घोगरी आणि जड येत होती, ढोल चिखलातून पाय ओढत चालल्यासारखा. काही कंपन्या चांगल्या आवाजासाठी तबकडी मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या वेगाची काढतात. ही तसली होती आणि मी ती नेहमीच्या तेहतीसवर लावली होती. दहा वर्षांच्या पोराला कळलं असतं की काहीतरी चुकलंय. एके काळी ती कणकेच्या हातांनी धावत आली असती.

ती अजून मान डोलवत होती. तिच्या कानात काही येत नव्हतं. माझ्यासाठी ती डोलत होती.

"काय झालं?" तिनं विचारलं. "तुमी काहून रडून राहिले?"

मला खोटं बोलता आलं नाही. "वेग चुकलाय," मी म्हणालो.

ती थांबली. तिनं पदर तोंडाशी धरला. "मला वाटलं, तुमाला बरं वाटंल," ती म्हणाली, आणि आजारपणात पहिल्यांदा ती मोठ्यानं रडली. मी जाऊन सुई उचलली. मग आम्ही दोघं तिथंच जमिनीवर बसून राहिलो, खालून गिऱ्हाईक हाका मारत होतं तरी.

पोरींचे वर्ग तिनं बंद केले. एक जुनी विद्यार्थिनी परीक्षा पास झाली म्हणून पेढे घेऊन आली, म्हणाली, बाई, तुमच्यापुढं एकदा गायचंय. ती ताठ बसली, सगळं गाणं ऐकलं, "छान गायलीस बेटा" म्हणाली. पोरगी जिना उतरल्यावर मला विचारलं, "बराबर गायली का?" मी व्हय म्हणालो. "मग झालं," ती म्हणाली.

माझं ऐकणं बंद झालेलं तिला आवडेना. "माझ्यापायी तुमी कशाला सोडता? ते कानाला लावायचं घ्या अन् ऐका. मी तुमच्या तोंडाकडं बघत बसते." तसं सुरू केलं. दुपारी दुकान बंद असलं की मी हेडफोन लावून बसायचो, ती समोर लसूण सोलत बसायची आणि मधेच विचारायची, "आता वर चढलं ना?" कधी तिचं बरोबर यायचं. माझ्या भुवयांवरून ती तान ओळखायची. तेवढ्यावर आम्ही काही महिने काढले आणि मला वाटायला लागलं होतं की हेही जमेल.

मग एका दुपारी तिनं लसणाचं ताट बाजूला सरकवलं आणि मला खूण करून हेडफोन काढायला लावले.

"आता पुरे. तुमी तिकडं जाता अन् मी इथंच ऱ्हाते. मला न्हाई बघवत."

मी प्लेअरची वायर काढली. त्यानंतर एकही तबकडी मागवली नाही. पेटी तिनं पेढे घेऊन आलेल्या त्या पोरीला दिली. तबकड्या भिंतीशी आहेत. त्यांच्यावर धूळ बसते, आणि आता ना ती पुसते, ना मी.

तिच्या बोलण्यातला चढउतारही त्या आजारात गेला. रागावली तरी तोच आवाज, लाड केला तरी तोच. माझ्या आवाजातलंही तिला आता कळत नाही. त्यामुळं काय वाटतं ते आम्ही आता शब्दांत सांगतो. चहा देताना ती म्हणते, "साखर कमी हाय." आणि थोडं थांबून, त्याच सपाट आवाजात, "मी मस्करी केली." मी हसतो. मग मला आठवतं की तिला हसण्याचा अर्थ लागला की नाही ते माहीत नाही, म्हणून मी सांगतो, "मला बरं वाटलं."

"बरं," ती म्हणते, आणि माझ्या शेजारी चहा प्यायला बसते.