तळ्यातून उठून चाललेलं पाणी

आमच्या संघटनेची पत्रकं भजी बांधायला जात. सकाळी बाजारात वाटायची आणि दुपारी ‘तळं सगळ्यांचं आहे’ या ओळीवर तेलाचा डाग बघायचा. म्हणून ऐंशी साल उलटल्यावर एका पावसाळ्यात मी पत्रक बाजूला ठेवलं आणि गोष्ट लिहिली.

करडी गावाच्या बाजूला एक खेडं, आमचं काम तिथं चाले. तिथल्या तळ्याचा तुडूम, म्हणजे पाणी सोडायची मोरी, कधी उघडायचा हे कमिटीचे चार म्हातारे ठरवत. वरच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, त्यांच्याच. शेवटची बांधी एका विधवा बाईची, आणि तिथवर पाणी कधी पोचतच नसे. त्या वर्षी पावसानं दडी मारली, धान गर्भात होतं. पाणी मिळालं नसतं तर तिच्या हाती दाण्याऐवजी नुसती तणीस, कोरडा पेंढा, आली असती.

माझ्या गोष्टीत तळ्यातलं पाणी भरदुपारी उठतं आणि चालत तिच्या बांधीत जातं. देवी नाही, नवस नाही, कारणसुद्धा नाही. चहाच्या टपरीसमोर पाणी येतं तेव्हा टपरीवाला बाकडं उचलून वाट देतो आणि विचारतो, आज इकडून कसं? जादू मी मुद्दाम एवढी साधी ठेवली. लोकांनी पाण्याकडे नाही, त्या बाकडं उचलणाऱ्याकडे बघावं. जे व्हायलाच हवं ते झालं, तर त्याला नवल कसलं?

चावडीवर मीच ती वाचली. लोकांनी गप्प बसून ऐकली. वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी तुडुमापाशी एक दगड शेंदूर फासून उभा. कमिटीचा म्होरक्या हात जोडून मला म्हणाला, “तुमच्या तोंडून देवी बोलली जी. आता पानी तिच्या मर्जीनं चालन. तुडुमाले कोणी हात लावाचा नाही.”

स्वतःच्या बांध्या त्यांनी आधीच भरून घेतल्या होत्या. माझ्या तळहातावर प्रसादाचा खोबऱ्याचा तुकडा ठेवला, तो मी किळसून खाली ठेवला. गोष्टीत देवी कुठे आहे ते दाखवा, असं मी भांडलो. त्यांनी हसत समजावलं, लिहिणाऱ्याला काय लिहिलं ते कुठं कळतं. हेच पुढे शहरातल्या एका समीक्षकानंही मला ऐकवलं. तेव्हाही तेवढीच किळस आली.

बाईला मी अर्ज करायला सांगितलं, तहसिलीवर मोर्चा नेऊ म्हणालो. मोर्चा निघेपर्यंत धान थांबत नाही, एवढंच ती बोलली. देवीच्या नावानं गावजेवण होतं त्या दुपारी सगळे पंगतीत बसले असताना ती तळ्यावर गेली आणि तुडूम उघडून आली. संध्याकाळी तिची बांधी भरलेली. कमिटी जाब विचारायला आली, मी तिथंच होतो. डोक्यावरचा पदर सारखा करत ती म्हणाली, “पानी चालत आला जी. काहून, देवी खोटी हाय का?”

चौघांची तोंडं बघण्यासारखी होती. मग एकानं बांधावर कुंकू शिंपडलं. त्याच धुऱ्यावर चपला काढून लोक पाया पडू लागले.

सगळे गेल्यावर मी तिला म्हटलं, खरं सांगून टाका, तुडूम तुम्ही उघडला, आणि तो तुमचा हक्कच होता.

“सांगतो ना बाबू. अन् पुढच्या साली पानी तू देशीन?”

पाणी देणं माझ्या हातात नव्हतं. पण म्हणून ती बरोबर होती, हे मी आजही मानत नाही.

पुढच्या हंगामात कमिटीनं पूजा मांडून शेवटच्या बांधीचं पाणी सोडलं. देवीची आज्ञा म्हणे. म्होरक्यानं तुडूम उघडला आणि ती त्याच्या पाया पडली. ज्या तुडुमाला तिनं स्वतः हात घातला होता, त्याच तुडुमापाशी. तिचं धान वाचलं याचा मला आनंद आहे. पण तिचं ते वाकणं अजून माझ्या घशाखाली उतरत नाही.