शोभाबाईचा आवाज

ज्योत्स्नाला नकला करायचा भारी नाद. खटकचिंचोळीच्या बौद्धवाड्यातली ही पोरगी एक्याण्णव साली भालकीच्या नाटक मंडळीत शिरली, तीच त्या जोरावर. एखाद्या बाईला दोन दिवस ऐकलं, की तिची खोकायची ढबसुद्धा उचलायची. पंधरा वर्षं स्टेज गाजवलं. पुढं घरोघरी टीव्ही आले. तिकीट काढून नाटकाला बसणार कोण? मंडळी मोडली. मग गुलबर्ग्याच्या एका संस्थेत ती माहितीपट लिहायला लागली. लिहायचीही झकास, खोटं कशाला बोला!

दोन हजार आठ साली तिनं वीटभट्टीवर लिहायला घेतलं. गावचीच शोभाबाई हैदराबादकडच्या भट्टीवरून पळून आली होती. मुकादम अंकुशराव बायांना खोलीत कोंडतो, मारतो, सगळं तिनं सांगितलं. पण तिची धाकटी लेक अजून तिथंच, त्याच्या ताब्यात. "माझं नाव फुटलं तर पोर जिती येणार न्हाई, अक्का," एवढंच ती घोकत होती. ज्योत्स्नानं शब्द दिला. नाव बदललं, चेहरा टाळला, आवाजही ओळखू येऊ नये म्हणून शोभाबाईचं बोलणं स्वतःच म्हटलं.

आणि इथंच माती खाल्ली बाईनं! स्टुडिओत माइक समोर आला आणि अंगातली नटी जागी झाली. दर वाक्याआधी 'च्च' करणं, मधेच दम तुटणं, सारं जसंच्या तसं. रेकॉर्डिंगवाल्यानं डोळे पुसले, तेव्हा हिला कोण आनंद!

संस्थेची रीत अशी, की माहितीपट आधी त्या गावाला दाखवायचा. समाजमंदिरात भर दुपारी पडदा लागला. मजूर न्यायला गावात आलेला अंकुशराव न बोलावता आला आणि पुढच्या खुर्चीत बसला. चेहरा कुठं दिसतोय, अशी ज्योत्स्नानं मनाची समजूत घातली. आवाज सुरू झाला आणि दोन वाक्यांत माना वळल्या. मागं खांबाला टेकलेल्या शोभाबाईकडं सगळं गाव बघायला लागलं. तिनं पदर तोंडात कोंबला.

अंकुशरावनंही वळून पाहिलं. मग उठला, ज्योत्स्नाजवळ थांबला.

"लई हुबेहूब काढलात बाई," म्हणाला, आणि मोबाईल कानाला लावत बाहेर गेला. जन्मभर जिच्यासाठी जीव टाकला ती शाबासकी तिला अशी मिळाली.

पुढचं न बघता, पोर सोडवायला तिनं शोभाबाईला संस्थेच्या जीपमध्ये बसवलं. भट्टी तीन तासांवर, आणि मुकादमाचा फोन केव्हाच पोचलेला. हळ्ळीखेड मागं पडलं.

"अक्का," शोभाबाई हळू म्हणाली, "तुझाच आवाज लावायचास की. माझा कामून घेतलास?"