पट्टे कुठून सुरू केले

माझ्या पीएचडीचं सगळं काम पट्ट्यांवर आहे. चुंबकीय पदार्थाचा अगदी पातळ थर घेतला तर त्यातले सूक्ष्म चुंबक काही भागात वर तोंड करतात, शेजारच्या भागात खाली, आणि झेब्र्यासारखे पट्टे तयार होतात. तापवत नेलं की ते मोडतात. मी प्रयोगशाळेत काही तापवत नाही. असा थर कॉम्प्युटरमध्ये रचते आणि पट्टे किती तापमानाला मोडतात ते शोधते. प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्या एका आकड्यावर उभं होतं.

फेब्रुवारीत माझ्या गाइड सरांनी माझा प्रोग्राम गटातल्या एका सीनियरला चालवून बघायला दिला. सीनियर इथल्याच चेरीताल मोहल्ल्यातला, घरी आमच्यासारखीच मराठी, तरी इथल्या हिंदी रिवाजानं मी त्याला भैयाच म्हणते. त्याचा आलेख आला आणि मी तो माझ्या आलेखाशेजारी ठेवला. ज्या तापमानाला माझे पट्टे अजून शाबूत होते, तिथे त्याच्याकडे पट्ट्यांचा पत्ताच नव्हता.

"भैया, प्रोग्राममध्ये काही बदललं का?"

"काहून? मार खायचा आहे का मला?" तो हसला. "एका अक्षराला हात नाही लावला."

तो हसला, म्हणून मला जास्तच शंका आली. त्याचा स्वतःचा पेपर याच विषयावर अडकलेला होता. माझा आकडा पडला तर त्याचं बरंच होतं, असं मीच जुळवलं. दोन्ही प्रोग्राम ओळ न् ओळ ताडून पाहिले. अगदी सारखे. तरी मी पासवर्ड बदलला. तो जवळून गेला की लॅपटॉप अर्धा मिटायची. जवळच्या पनागर गावातल्या त्याच्या मामाकडून आलेले मटार त्यानं सगळ्यांच्या टेबलावर ठेवले, माझ्याही. मला ती लाच वाटली. शेंगा तिथेच वाळल्या. त्यानं ते पाहिलं.

तीन आठवड्यांनी मी सरांकडे गेले. तोंडातून शब्द फुटणार नाही म्हणून तक्रार कागदावर लिहून नेली होती. ती वाचायच्या आधीच सरांनी दोन्ही आलेख मागून घेतले आणि विचारलं, "शुरुआत किससे करती हो?"

"पट्टियों से, सर. बनी-बनाई. फिर गरम करती हूँ."

आमच्याकडे बहुतेक जण असंच करतात. विस्कटलेल्या थरापासून सुरुवात केली तर पट्ट्यांचे तुकडे भलत्याच दिशांना तोंड करून अडकतात, आणि सरळ व्हायला कित्येक दिवस घेतात.

"और वो?"

मला माहीत नव्हतं. सुरुवातीची मांडणी वेगळ्या फाइलमध्ये असते. ती मी उघडलीच नव्हती, आणि त्याला विचारलंही नव्हतं.

सरांनी त्याला आत बोलावलं. "मैंने उल्टा किया, सर," तो म्हणाला. "बिखरा हुआ लिया, गरम, फिर ठंडा करता आया. मुझे लगा चेक करना है तो दूसरी तरफ से ही करूँ." बोलताना त्याची नजर माझ्या हातातल्या कागदावर गेली. त्याचं नाव मी अगदी वरच लिहिलं होतं.

सरांनी दोन्ही आलेख एकावर एक ठेवले. दोन रेषांमध्ये बोटभर फट होती. बसलेले पट्टे उठायला तयार नसतात आणि विस्कटलेले बसायला. म्हणून तापवत जाताना एक आकडा येतो, थंड करत येताना दुसरा. फट खरी असेल तर पट्टे हळूहळू विरत नाहीत, एका झटक्यात मोडतात. माझ्या प्रकरणात नेमकं उलट लिहिलं होतं.

"या फिर तुम दोनों ने जल्दबाज़ी की है, पट्टियों को वक़्त ही नहीं दिया," सर म्हणाले. "दोनों तरफ से, धीरे-धीरे चलाओ. तब मानूँगा."

बाहेर आल्यावर मी त्याच्याकडे त्याची सुरुवातीची फाइल मागितली.

"तुझ्याच फोल्डरमध्ये टाकून देतो," तो म्हणाला, आणि माझ्या टेबलाकडे पाठ करून उभा राहिला. "पासवर्ड टाक. मी नाही पाहून राहिलो."

मी पासवर्ड मोठ्यानं सांगितला.