डोंगरातली तांबडी रेघ

पृथ्वीचा जन्म, पहिले जीव आणि सिंधूकाठची शहरं एवढं सगळं दिवाळीच्या सुट्टीआधी उरकायचं होतं, आणि वृषालीबाईंचा घसा बसला होता. रिहे गावच्या शाळेत त्या मुळात मराठी शिकवायला लागल्या होत्या. इतिहासाचे सर बदलून गेले, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. सहावीचा इतिहास बाईंकडे आला, पाठोपाठ भूगोल आणि विज्ञानही. मधूनमधून मतदारयाद्यांचं काम असायचंच.

त्यात शाळेमागच्या डोंगरावर पोकलेन चालू होतं. फार्महाउसच्या प्लॉटांसाठी उतार कापत होते. खिडक्या लावल्या की वर्ग उकडायचा, उघडल्या की ओरडून बोलावं लागायचं.

"पृथ्वी आधी तापलेला गोळा होती," बाई ओरडून सांगत होत्या. "मग ती थंड झाली. समुद्र झाले. समुद्रात डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक जीव आले."

मुलं खाली मान घालून लिहून घेत होती. तिसऱ्या बाकावरची सायली लिहीत नव्हती. ती डोंगराकडे बघत होती. तो डोंगर तिच्या आजोबांचा, नथूतात्यांचा होता. विकला होता.

"सायली, मी काय सांगितलं?"

"गोळा थंड झाला," सायली म्हणाली. मग थांबून तिने विचारलं, "मॅडम, डोंगरात तांबडी रेघ दिसतीय. काळ्या दगडाच्या मधी. ती कशाची?"

बाईंना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी तसं सांगितलं आणि पुढचं पान उघडायला लावलं. पण घरी स्वयंपाक झाल्यावर त्या मोबाइलवर वाचत बसल्या. नवरा रवी उरवड्याच्या कंपनीतून आला तेव्हा भात गार झाला होता.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन त्यांनी वर्ग डोंगराकडे नेला. फाटकापाशी नथूतात्या उभे होते. डोक्यावर टोपी, हातात काठी. वॉचमन त्यांना आत सोडत नव्हता.

"मॅडम, आप बच्चों को ले जाओ, थोड़ी देर," वॉचमन म्हणाला. "बाबा को नहीं. ये रोज़ आते हैं, मशीनवाले से झगड़ते हैं. साहब ने मना किया है."

तात्या पोकलेनकडे बघत होते. बाईंकडे त्यांनी बघितलं नाही.

बाईंचे वडील सोपान याच उतारावर गवत कापायचे. त्यासाठी आधी तात्यांच्या दारी जाऊन विचारावं लागायचं, आणि विचारायला गेलं की अंगणाबाहेर उभं राहावं लागायचं. लहानपणी बाईही वडिलांचा हात धरून तिथे उभ्या राहिल्या होत्या. तेव्हा तात्या त्यांना 'सोपानची पोर' म्हणायचे. ते सगळं बाईंना त्या फाटकापाशी आठवलं. आठवून राग यावा इतकं त्राण मात्र अंगात नव्हतं. ऊन वाढत होतं आणि मुलं ढकलाढकली करत होती.

"ते माझ्याबरोबर आहेत," त्या वॉचमनला म्हणाल्या. "पालक हैं. इनकी पोती मेरी क्लास में है."

वॉचमनने थोडा विचार केला आणि फाटक उघडलं. तात्या सगळ्यांत शेवटी आत आले.

कापलेला डोंगर भिंतीसारखा उभा होता. खाली काळा कातळ, वर काळा कातळ, मध्ये हातभर रुंदीचा तांबडा पट्टा. बाईंनी बसक्या आवाजात सांगितलं की हा खालचा दगड म्हणजे जमिनीतून वर आलेला लाव्हारस होता. तो थंड झाला. ऊनपावसाने त्याची वरून झीज होऊन माती झाली. मग पुन्हा रस आला, मातीवरून वाहिला आणि ती माती विटेसारखी भाजून निघाली.

"तवा माणसं कुटं व्हती?" तात्यांनी विचारलं.

"माणसं नव्हतीच, तात्या. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट आहे."

"म्हंजी ही माती कुनाचीच न्हवती."

"कुणाचीच नाही."

तात्यांनी पट्ट्यावरून बोट फिरवलं. बोटाला तांबडा भुगा लागला. तो त्यांनी धोतराला पुसला. "आमाला वाटलं, डोंगर खालपर्यंत आमचाच हाय," ते म्हणाले. मग काठी टेकत ते एका दगडावर बसले. परतताना ते उठेनात, तेव्हा सायली त्यांच्यापाशी थांबली. बाकीच्या मुलांना रांगेत घालून बाई शाळेत आल्या. तोंड धुतलं आणि सातवीच्या तासाला गेल्या.

दिवाळीपर्यंत त्या कापावर सिमेंटची भिंत चढली. तात्यांचं तिकडे जाणं बंद झालं. रस्त्यात भेटले की ते आता 'बाई' म्हणायचे, एवढंच. अंथरुणावरच्या सोपानरावांना बाईंनी हे सांगितलं तेव्हा ते नुसते "बरं" म्हणाले आणि कुशीवर वळले.

सुट्टीच्या आदल्या दिवशी शेवटचा धडा सुरू होता. सिंधूकाठची शहरं, विटांची घरं, सांडपाण्याची गटारं, आणि मग ती शहरं ओस पडली. सायलीने हात वर केला.

"ते लोक गाव सोडून का गेले? विकलं का त्यांनी?"

वर्ग हसला. सायली हसली नाही.

"नद्या आटल्या असाव्यात," बाई म्हणाल्या. "पीक येईना झालं असेल. नक्की माहीत नाही. एकदम कुणी गेलं नाही. एकेक घर हललं."

"मग म्हातारी माणसं?"

पुस्तकात म्हाताऱ्या माणसांबद्दल काही नव्हतं. बाईंनी पाण्याची बाटली उघडली, दोन घोट घेतले. घसा अजून दुखतच होता.

"त्यांनाही नेलं असेल," त्या म्हणाल्या. "काही राहिली असतील."

सायलीने ते वहीत लिहून घेतलं.