जर्मनीला जायची बॅग

नाशिकरोडला जेलरोडच्या कॉलनीत, उज्वलाच्या पुढच्या खोलीत आठवडाभर एक मोठी बॅग तोंड वासून पडली होती. टीव्ही लावायचा तर बॅग ओलांडायची, झाडू मारायचा तर बॅग सरकवायची. उज्वला ड्युटीवरून आली की चप्पल काढायच्या आधी तिच्याकडे बघायची. सकाळी ठेवलेलं संध्याकाळी काढायची आणि झोपताना तेच परत कोंबायची.

ती एका खासगी दवाखान्यात सिस्टर होती. चाळिशीला टेकल्यावर तिने जर्मन भाषेच्या क्लासला नाव घातलं, तेव्हा क्लासमधल्या पोरी तिला शिकवणाऱ्या मॅडम समजून उठून उभ्या राहिल्या होत्या. त्याच पोरींच्या शेजारी बाकावर बसून तिने जीभ वळवली, एकदा नापास झाली, मग पास झाली. आता तिकडच्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली होती. दोन वर्षांचा करार होता.

शेजारपाजारचे म्हणायचे, घरासाठी केवढं करते बाई. तीही मान हलवायची. पण खरं म्हणजे तिला जायचं होतं. लहानपणी पिंपळगावला तिची आई द्राक्षं पेट्यांत भरायला जायची. त्या पेट्या कुठे जाऊन उघडत असतील, कोण उघडत असेल, याचा विचार उज्वला तेव्हापासून करत आली होती. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. म्हणून की काय, बॅगेत स्वतःसाठी काही ठेवायला हात पुढे झाला की तिला चोरी केल्यासारखं वाटायचं.

"अहो, कुकर नेऊ का?" तिने महेशला विचारलं.

महेश अंबडच्या कंपनीतून नुकताच आला होता. त्याने बॅग वजनकाट्याच्या आकड्याला अडकवून उचलली. "कुकर नेला तर काळा मसाला राहील."

"मग काय करू?"

"तुला काय लागतं ते तुलाच माहीत," तो म्हणाला आणि आंघोळीला गेला. तो रागावला नव्हता, त्याला खरंच माहीत नव्हतं.

उज्वला लेकीकडे, आरोहीकडे वळली. आरोहीची नववीची परीक्षा संपली होती आणि ती दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसायची. "आरू, तो जाड कोट नेऊ की तिकडे घेऊ?"

"तुला जे वाटेल ते ने."

"अगं, वर बघून तरी बोल."

आरोहीने वर बघितलं नाही.

मग वस्तू हरवायला लागल्या. आधी लोकरीचे मोजे गेले. मग पांढरे ड्युटीचे बूट. उज्वलाला वाटलं, ठेवण्या-काढण्यात आपणच कुठेतरी टाकले असतील. पण निघायच्या आदल्या दिवशी पासपोर्टची फाइल सापडेना, तेव्हा तिचा धीर सुटला. कपाट झालं, गाद्या झाल्या, बाबासाहेबांच्या फोटोमागचा कोनाडा झाला. शेवटी ती आरोहीपुढे जाऊन उभी राहिली.

"कुठे ठेवलीस?"

"काय?"

"उगाच नाटक करू नकोस. मोजे, बूट, आणि आता फाइल. मी जाऊ नये असं वाटतं तर तोंडाने सांग ना!"

आरोही उठली. "मी हातसुद्धा लावलेला नाही. तुलाच वाटतंय ना, कोणीतरी तुला थांबवावं म्हणून? मी नाही थांबवणार. माझी दहावी असली तरी नाही थांबवणार. मग सगळं माझ्यामुळे झालं म्हणशील."

उज्वला तशीच स्वयंपाकघरात गेली, पाणी प्यायला.

तिथे तिची सासू साळूबाई बाजरीच्या पिठाच्या डब्यापुढे बसली होती. डब्यात कोपरापर्यंत हात घालून ती काहीतरी खाली दाबत होती. सायखेड्याकडच्या गावात उभा जन्म मळ्यात काढलेली ही बाई गेल्या वर्षापासून विसरायला लागली होती. कधी गॅस, कधी नातीचं नाव.

"आई, काय करताय?"

साळूबाईने दचकून झाकण लावलं. मग सुनेचा हात धरून तिला जवळ बसवलं आणि हळू आवाजात म्हणाली, "महेश काय बोलला का तुला?"

"नाही. का?"

"मंग माहेराला कशापायी चालली? हप्ताभर बघते मी, कपडे भरती, काढती. जीव लागंना माझा. मी लपवलं समदं. पायात घालायला नाय म्हटल्यावर कशी जाशील?" तिने उज्वलाचा हात घट्ट दाबला. "नको जाऊ बाई. मी त्याला चांगला झापते."

डब्यातून फाइल निघाली, पिशवीत गुंडाळलेली, बाजरीच्या पिठाने माखलेली. बूट आणि मोजे कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीत होते. उज्वला फाइल पदराने पुसत राहिली. सासूला जर्मनीचं याआधी कितीतरी वेळा सांगून झालं होतं. तिने परत सांगितलं. विमान, हॉस्पिटल, दोन वर्षं.

"म्हंजे भांडून नाय चालली?"

"नाही आई. मला जायचंय. मला स्वतःला जायचंय."

इतकं सरळ ती पहिल्यांदाच बोलली. दारात आरोही येऊन उभी होती. तिने ऐकलं होतं.

साळूबाईने थोडा विचार केला. "मंग जा की," ती म्हणाली. "पर सांगून जायचं असतं."

आरोहीने आईच्या हातातून फाइल घेतली, पासपोर्ट उघडून पानं नीट तपासली. "पीठ आत नाही गेलेलं," ती म्हणाली. "आई, मी मघाशी…"

"मीच आधी बोलले. जाऊ दे."

"तू सरक. बॅग मी भरते. तुझ्याने होणार नाही."

त्या संध्याकाळी आरोहीने बॅग पूर्ण रिकामी केली आणि नव्याने भरली. कुकर काढला. मसाला ठेवला. कोट ठेवला. उज्वला मधूनमधून "अगं ते…" म्हणत पुढे व्हायची, आणि आरोही नुसता हात वर करायची. बॅग बंद झाली तरी उज्वलाला चैन पडेना. ती या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली, उगाच भांडी लावत, लावलेली परत लावत.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी आली. महेश मुंबईपर्यंत सोबत निघाला. शेजारच्या वत्सलाबाई साळूबाईला धरून गेटपर्यंत आल्या. उज्वला सासूच्या पाया पडली. आरोहीने आईला मिठी मारली नाही. ती डिकी नीट लागली का बघत राहिली, आणि गाडी सुरू झाल्यावर मात्र कॉलनीच्या कोपऱ्यापर्यंत सोबत धावली.

इगतपुरी मागे पडलं तेव्हा आरोहीचा फोन आला.

"आजी जेवली. गोळी दिली."

"कोणती? पांढरी ना? जेवणानंतर द्यायची बरं का. आणि पाणी…"

"आई, मला माहितीये."

"आणि गॅस…"

कसारा घाट सुरू झाला होता. आवाज तुटला. उज्वला "हॅलो, हॅलो" करत राहिली, मग फोन कानावरून काढून खिडकीशी धरला. रेंजची रेघ एक यायची, जायची. महेशने तिच्याकडे बघितलं आणि ड्रायव्हरला जरा हळू घ्यायला सांगितलं.